माफीची मालकी

इराणच्या उत्तरेकडच्या माझंदरान प्रांतातल्या नूर या गावी एप्रिल २०१४ मध्ये टिपलेली काही छायाचित्रे मी पाहिली, त्याला आता बरीच वर्षे झाली. पण त्यांतले एक अजूनही अधूनमधून डोळ्यांपुढे येते आणि हातातले काम थांबते. खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला एक तरुण आहे. डोळ्यांवर काळी पट्टी, गळ्यात फास, पायांखाली खुर्ची आणि भोवती लोकांची दाटी. रस्त्यावरच्या मारामारीत त्याने ज्या मुलाचा चाकूने जीव घेतला, त्या मुलाच्या आईवडिलांच्या हातात आता त्याचा जीव आहे, कारण ती शिक्षा अमलात आणायची की सोडून द्यायची हे ठरवण्याचा हक्क तिथल्या कायद्याने मृताच्या वारसांना दिलेला आहे. ती आई पुढे येते, हात पोहोचावा म्हणून खुर्चीवर चढते, त्याच्या गालावर एक सणसणीत थप्पड मारते, आणि मग तिच्या नवऱ्याच्या हातांनी त्या मुलाच्या गळ्यातला फास निघतो. पुढच्या एका छायाचित्रात दोन आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडताना दिसतात. एकीचा मुलगा गेलेला, दुसरीचा नुकताच परत मिळालेला.

जगभर त्या छायाचित्रांचे कौतुक झाले ते माफीसाठी. मला मात्र थप्पड खटकत राहिली. माफच करायचे होते तर मारले कशाला, आणि मारलेच तर ती माफी कसली, असे काहीतरी मनात घोळत होते. ओळखीच्या एका निवृत्त सरकारी वकिलांना मी ते चित्र दाखवले. आयुष्यभर खुनाचे खटले चालवलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ जवळून पाहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे या बाईला एवढंसुद्धा करता आलं नसतं." मी विचारले, "साहेब, कायद्यात थप्पड मारायची सोय हवी होती, असं म्हणताय का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "थप्पड राहू द्या हो. तिला कोणीतरी विचारलं, एवढंच म्हणतोय मी."

त्या वाक्याने मला फार पूर्वी पाहिलेला एक खटला आठवला. मी तिथे केवळ बघ्या होतो. मारल्या गेलेल्या मुलाचा बाप मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसे. प्रेत ओळखल्याची त्याची साक्ष झाली होती, बचावाच्या वकिलांनी उलटतपास घेतला नव्हता, आणि त्यानंतर त्या खटल्यात त्याचे काही काम उरले नव्हते. मुद्देमाल पुढे आला त्या दिवशी खाकी कागदाचे एक पुडके टेबलावर ठेवले गेले. वर सुतळी, लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांची पिवळी पडलेली चिठ्ठी. सील शाबूत असल्याची खात्री करून कारकुनाने ते उघडले तेव्हा आतून रक्त वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला निळा सदरा निघाला, आणि बाप नकळत उभा राहिला. शिपायाने हातानेच खाली बसण्याची खूण केली. तो बसला. सदऱ्याला क्रमांक मिळाला, साक्षीदाराने तो ओळखला, साक्ष पुढे सरकली.

खटल्याचे नाव होते सरकार विरुद्ध आरोपी. मुलगा त्या माणसाचा गेला होता, पण कागदोपत्री दुखावले गेले होते सरकार.

यामागे शहाणपण नाही असे मला म्हणायचे नाही. सूडाचे चक्र पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहू नये, पैसेवाल्याने खून करून गरीब वारसांचे तोंड बंद करू नये, आणि ज्याला विचारणारे कोणी नाही त्याच्या खुनाचीही दखल घेतली जावी, यासाठीच राज्यसंस्थेने गुन्हा स्वतःच्या नावावर करून घेतला. पण तो करून घेताना तिने घरच्यांना पार बाजूला सारले. भारतात आरोपी सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा स्वतःचा हक्क पीडिताला मिळाला तो ३१ डिसेंबर २००९ पासून, म्हणजे जुनी दंडसंहिता अमलात आल्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. किरकोळ दुखापतीच्या किंवा बदनामीच्या गुन्ह्यात फिर्यादीला तडजोड करता येते. खुनात येत नाही. त्या बापाला शिक्षा वाढवून मागायची होती की आरोपीच्या आईकडे पाहून सोडून द्यायचे होते, हे मला माहीत नाही. ते विचारणे कोणाच्या कामाचा भागच नव्हता.

इस्लामी फौजदारी कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हात तोडण्याच्या शिक्षा येतात. त्या हुदूद, म्हणजे धर्माने नेमून दिलेल्या शिक्षा, या वर्गातल्या. त्यांचा गवगवा फार आणि पुराव्याच्या अटीही तितक्याच कडक; व्यभिचारासाठी चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतात आणि जिथे शंकेला जागा असेल तिथे हद (हुदूदमधली शिक्षा) टाळावी हा फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, जुना नियम आहे. दुष्काळाच्या वर्षी खलिफा उमर यांनी चोरीबद्दल हात तोडणे थांबवले होते, असे परंपरा सांगते. पण खून आणि दुखापत या वर्गात मोडत नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा, किसासचा म्हणजे समान बदल्याचा, आणि तिथे खटल्याची सूत्रे वारसांकडे असतात. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतल्या १७८व्या आयतीवर हे सारे उभे आहे. काझी गुन्हा शाबीत झाला की नाही ते पाहतो. पुढे मृताच्या वलीसमोर, म्हणजे हक्कदार वारसासमोर, तीन वाटा असतात. जिवाबद्दल जीव मागावा, दियत म्हणजे खुनाची भरपाई घ्यावी (शास्त्रात तिचे मूळ माप शंभर उंटांचे आहे), किंवा काहीही न घेता सोडून द्यावे. तिसरी वाट सर्वांत पुण्याची मानली गेली आहे. बहुतेक फकीहांच्या, म्हणजे कायदेपंडितांच्या, मते अनेक वारसांपैकी एकाने जरी माफ केले तरी इतरांना जीव मागता येत नाही, फार तर आपल्या वाट्याची भरपाई मिळते. सूड घेण्यासाठी सगळ्यांचे एकमत लागते आणि दयेला एकजण पुरतो, ही रचना ज्याने कोणी पहिल्यांदा मांडली त्याला माणसांच्या घरांची चांगली ओळख असली पाहिजे.

या रचनेच्या मुळाशी सूड थांबवण्याचीच धडपड आहे. इ.स. ६३२ मधल्या अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषित मुहंमद यांनी इस्लामपूर्व काळातले सगळे खुनाचे दावे रद्द केले, आणि त्यांत पहिला दावा सोडला तो स्वतःच्या घराण्यातला. रबीआ इब्न हारिस यांच्या मुलाचा, ज्याला हुझैल टोळीने मारले होते. दुसऱ्याच्या रक्तावर पाणी सोडा असे सांगण्याआधी त्यांनी आपल्या घरच्या रक्तावर पाणी सोडले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अरब टोळ्यांत तडजोडीच्या ज्या चालीरीती आजही टिकून आहेत, त्यांतही मागणाऱ्याने झुकण्याला फार जागा आहे. जॉर्डनमध्ये खून करणाऱ्याच्या बाजूची प्रतिष्ठित मंडळी मृताच्या घरी जातात. समोर कॉफी येते. कोणी तिला हात लावत नाही. यजमानाने मागणे ऐकून घेऊन शब्द दिला की मगच कप उचलला जातो. तोपर्यंत ती कॉफी निवत राहते, आणि घरातल्या माणसांना नाही म्हणण्याची पुरती मुभा असते, निदान तत्त्वतः.

तत्त्वतः हा शब्द मी मुद्दाम लिहिला. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती फौजदारी अदालती आल्या तेव्हा तिथे चालत होता तो हनफी परंपरेचा इस्लामी कायदा, आणि १७९० पासूनच्या सुधारणांत लॉर्ड कॉर्नवॉलिसने वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला. खून हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, नातेवाइकांच्या मर्जीवर तो सोडता येणार नाही, असे त्यामागचे म्हणणे. कंपनीला न्यायाइतकीच सत्तेचीही फिकीर होती हे उघड आहे. प्रजेच्या जिवाचा अखेरचा शब्द आपल्याकडे असावा असे कोणत्या नव्या राजाला वाटणार नाही? पुढे १८६० च्या दंडसंहितेने तो विषयच मिटवला. पाकिस्तानात मात्र तो पुन्हा उघडला गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरियत पीठाने १९८९ मध्ये दंडसंहितेतली खुनाची कलमे इस्लामशी विसंगत ठरवली, १९९० मध्ये किसास आणि दियतचा अध्यादेश निघाला, १९९७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि वलीच्या हातात पुन्हा ती किल्ली आली.

त्यानंतर काय घडले ते पाहिले की कॉर्नवॉलिसचे म्हणणे एकदम पटू लागते. इज्जतीच्या नावाखाली भावाने बहिणीला मारायचे आणि वली म्हणून बापाने त्याला माफ करायचे, असे प्रकार सर्रास होऊ लागले. मारणारा आणि माफ करणारा एकाच छपराखाली. जुलै २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोच हिला तिच्या भावाने गळा दाबून मारले, त्यावर देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा बदलून अशा खुनात माफी मिळाली तरी जन्मठेप टळणार नाही अशी तरतूद झाली. २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झाली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयातून तो निर्दोष सुटला. आईने त्याला माफ केले होते. २०११ मध्ये लाहोरात दोन तरुणांना गोळ्या घालणारा अमेरिकी गुप्तचर यंत्रणेचा कंत्राटी माणूस, रेमंड डेव्हिस, सात आठवड्यांत सुटला तो याच कायद्याने. वारसांना सुमारे चोवीस लाख डॉलर मिळाल्याचे सांगितले गेले. त्या दोघांपैकी एकाच्या विधवेने त्याआधीच, फेब्रुवारीत, विष घेऊन जीव दिला होता. रक्ताच्या बदल्यात रक्त हवे, असे ती रुग्णालयातल्या खाटेवरून कॅमेऱ्यासमोर सांगत होती. दियतच्या कागदावर जिची सही सर्वांत अवघड गेली असती, ती सह्यांच्या वेळी हयातच नव्हती.

नाही म्हणण्याची सोय नसेल, तर त्या होकाराला माफी म्हणायचे का?

नूरच्या त्या आईकडे मी आता या अंगाने पाहतो. तिच्यावरही दबाव असणारच. गावचे वडीलधारे, वर्गणी गोळा करणारे, विनवण्या करणारे. पण खुर्ची सरकवण्याचा पर्याय खरा होता, तो तिच्या हाताशी होता, आणि थप्पड ही तिने सगळ्यांसमोर दिलेली जबानी होती. जे झाले ते तू केलेस, आणि ते मी विसरलेले नाही, एवढे तिला नोंदवायचे असावे. जबानीशिवाय नुसती माफी तिने कदाचित दिली नसती. ज्या बापाला शिपायाने खाली बसवले, त्याला ना जबानी मिळाली ना माफीचा प्रश्न.

एका खुनाला एक घर असते. यादवी युद्धात हजारो माणसे मारली जातात तेव्हा वली म्हणून कोणाला गाठायचे, आणि कोणापुढे जीव मागायचा? हा प्रश्न आजकालच्या सत्यशोधन आयोगांनी काढला असे आपल्याला वाटते, पण फकीहांना तो इस्लामच्या पहिल्याच शतकात पडला होता. ६५६ मध्ये बसऱ्याजवळ जमलची लढाई झाली, पुढच्या वर्षी सिफ्फीनची. प्रेषितांचे सोबती दोन्ही बाजूंना उभे होते आणि एकमेकांचे गळे कापत होते. नंतर किसास लावायचा म्हटला असता तर कोणी उरले नसते. इब्न शिहाब अझ-झुहरी या पंडिताच्या नावावर एक परंपरा सांगितली जाते: त्या फितनेच्या, म्हणजे यादवीच्या, वेळी सोबत्यांनी ठरवले की कुराणाचा अर्थ लावण्यातल्या मतभेदातून जे रक्त सांडले त्याबद्दल जीव मागायचा नाही, जे मालमत्तेचे नुकसान झाले त्याची भरपाई मागायची नाही, फक्त जी वस्तू जशीच्या तशी सापडेल ती मूळ मालकाला परत करायची. बंडखोरांविषयीचे फिकहमधले सगळे नियम पुढे या पायावर उभे राहिले. भूमिका आणि पाठीशी लोक असलेला बंडखोर वेगळा, आणि वाटमारी करणारा वेगळा. पहिल्याला लढाईतल्या रक्ताचा हिशेब द्यावा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. जमलनंतर तेव्हाचे खलिफा अली यांनी पळणाऱ्यांचा पाठलाग करू दिला नाही, जखमींना मारू दिले नाही, आणि रणात सापडलेले सामान बसऱ्याच्या मशिदीत मांडून ठेवायला सांगितले, म्हणजे ज्याचे त्याने ओळखून न्यावे. मेलेल्या भावाचा कंबरपट्टा किंवा खोगीर त्या ढिगातून उचलणारी माणसे माझ्या डोळ्यांपुढे येतात. काय मिळाले नाही हे त्यांना ठाऊक होते. निदान काय मिळू शकते हे त्यांना कोणीतरी स्वच्छ सांगितले होते.

राज्यकर्त्याने परस्पर माफी द्यावी का, यावरही तेव्हाच वाद झाला. ६४४ मध्ये खलिफा उमर यांचा खून झाल्यावर त्यांच्या मुलाने रागाच्या भरात हुर्मुझान या इराणी सरदाराला कटात सामील समजून ठार केले. नवे खलिफा उस्मान यांच्यापुढे आलेल्या पहिल्या प्रकरणांपैकी हे एक. मृताला इथे वारस नाही, ज्याला वली नाही त्याचा वली राज्यकर्ता, असे म्हणून त्यांनी मुलाला सोडले आणि दियत स्वतःच्या पैशातून भरली. अलींसह अनेकांना ते पटले नाही. पण उस्मान यांची सबबही पाहण्यासारखी आहे: वारस नाही, म्हणून मी. वारस दारात उभे असताना राज्याने त्यांच्या वतीने माफ करावे, हे त्या युक्तिवादात बसत नाही.

अल्जीरियाने १९९० च्या दशकातल्या यादवीनंतर नेमके तेच केले. लाखाहून अधिक माणसे मेली होती, हजारो लोक सुरक्षा दलांनी घरातून उचलून नेले ते परत आले नव्हते. सप्टेंबर २००५ मध्ये शांतता आणि राष्ट्रीय समेटाच्या सनदेवर सार्वमत झाले आणि सरकारी आकड्यांप्रमाणे ९७ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. सामुदायिक कत्तली, बलात्कार आणि सार्वजनिक ठिकाणचे बाँबस्फोट वगळून शस्त्र टाकणाऱ्यांना सूट मिळाली. सुरक्षा दलांविरुद्धची तक्रार तर न्यायालयाने दाखलच करून घ्यायची नाही असे ठरले. बेपत्ता माणसांच्या घरच्यांना भरपाई देऊ केली गेली, पण त्यासाठी आधी आपला माणूस मेला असे जाहीर करणारा निवाडा घ्यावा लागे, आणि कसा मेला, कुठे पुरला, हे त्या कागदावर नसे. शिवाय राष्ट्रीय शोकांतिकेच्या जखमांचा वापर करून राज्यसंस्थांची बदनामी करणाऱ्याला तीन ते पाच वर्षांची कैद. दियत आहे, समेट आहे, क्षमेची भाषा आहे. फक्त वली नाही, काझी नाही, आणि जबानी देणे हाच गुन्हा. अनेक आयांनी ते पैसे नाकारले आणि फोटो छातीशी धरून त्या अल्जीयर्सच्या रस्त्यावर उभ्या राहत आल्या. त्या अडवणूक करतात, जुन्या जखमा उकरतात, असे म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

दक्षिण आफ्रिकेची वाट याहून पुष्कळ प्रामाणिक होती, हे मान्यच केले पाहिजे. आपल्याकडे माफीचा साक्षीदार असतो. खरे सगळे सांग, सुटशील. १९९५ च्या कायद्याने त्या देशाने सत्यशोधन आयोग नेमून जवळजवळ हाच करार वर्णभेदी राजवटीच्या मारेकऱ्यांपुढे ठेवला, आणि दुसऱ्या बाजूने हिंसा करणाऱ्यांपुढेही. हेतू राजकीय असला पाहिजे आणि सत्य संपूर्ण सांगितले पाहिजे, एवढ्या दोन अटी. पश्चात्ताप ही अट नव्हती. सात हजारांहून अधिक अर्ज आले, ८४९ जणांना माफी मिळाली. १९९७ मध्ये केपटाउनला एका पोलीस अधिकाऱ्याने, आपण कैद्यांच्या डोक्यावर ओली पिशवी कशी आवळत होतो, ते सुनावणीच्या दालनात जमिनीवर एका माणसाला पालथे झोपवून, त्याच्या पाठीवर बसून दाखवले. तसे दाखव, हे त्याला सांगणारा माणूस त्याचाच जुना कैदी होता आणि तोवर खासदार झाला होता. त्याच सुनावणीत अधिकाऱ्याने त्याला सगळ्यांसमोर आठवण करून दिली की छळापुढे तू तुझ्या सोबतिणीचे नाव सांगितले होतेस. अधिकाऱ्याला माफी मिळाली. सत्य बाहेर आले, पण ते येताना ज्याला लागायचे त्यालाच पुन्हा लागून गेले.

वर्णभेदाविरुद्ध लढताना पोलीस कोठडीत मारले गेलेले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही कुटुंबांनी या कायद्यालाच आव्हान दिले होते. आमच्या माणसाच्या मारेकऱ्यांवर दावा लावण्याचा आमचा हक्क संसद कशी काढून घेते, हा त्यांचा सवाल, आणि तो बंगालमधल्या कोणत्याही वलीने कॉर्नवॉलिसला विचारावा असाच होता. जुलै १९९६ मध्ये घटना न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती इस्माइल महंमद भारतीय वंशाच्या मुस्लिम कुटुंबातले. किसासची कल्पना त्यांना परकी नसावी, पण तो माझा तर्क. त्यांचे म्हणणे असे की माफीचे आमिष नसेल तर मारेकरी तोंड उघडणार नाहीत आणि या कुटुंबांना खटलाही मिळणार नाही, सत्यही नाही. युक्तिवाद भक्कम आहे. मात्र तो वारसांना समजावून सांगावा लागला, त्यांच्याकडून आला नाही.

रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर तुरुंगांत लाखाहून अधिक माणसे कोंबलेली होती आणि न्यायाधीशच उरले नव्हते. टांझानियातल्या अरूशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोन दशकांत शंभराहूनही कमी जणांवर आरोप ठेवले. गावोगावच्या गचाचा न्यायालयांनी, गवतावर बसून, निवडून दिलेल्या गावकरी पंचांपुढे, २०१२ मध्ये काम संपेपर्यंत एकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणे हातावेगळी केली. त्यांच्यावरचे आक्षेप खरे आहेत. वकील नव्हते, साक्षीदारांना धमक्या होत्या, आणि विजयी सैन्याने केलेल्या हत्यांचा तिथे उच्चार नव्हता. तरी एक अट मला त्या सगळ्यांहून मोलाची वाटते. कबुली देणाऱ्याला शिक्षेत सवलत हवी असेल तर प्रेते कुठे टाकली तेही सांगावे लागे. शोषखड्डा, विहीर, केळीच्या बागेचा कोपरा. वाचलेल्या अनेकांना त्या न्यायालयाकडून एवढेच हवे होते, आणि ज्यांना ते मिळाले त्यांतल्या सगळ्यांनी माफ केले असे मुळीच नाही. राज्याने शिक्षा कमी केली. माफीचा विषय राज्याने घराघरांवर सोडून द्यायला हवा होता. तिथे मात्र समेटाच्या मोहिमेने त्यांना फारशी उसंत दिली नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या करारात एक दुसरे कलमही होते, ज्याच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. जो माफी मागणार नाही किंवा जिला ती नाकारली जाईल अशा प्रत्येक व्यक्तीवर खटला चालायचा होता. बिकोंना कोठडीत मारणाऱ्या पोलिसांना १९९९ मध्ये माफी नाकारली गेली, कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितले असे आयोगाच्या माफी समितीला वाटले नाही. खटला तरीही चालला नाही. आयोगाने सोपवलेली शेकडो प्रकरणे अभियोक्त्यांच्या कपाटांत पडून राहिली, आणि दरम्यान अनेक संशयित म्हातारे होऊन घरच्या अंथरुणावर मरण पावले. हे दुर्लक्ष होते की वरून कोणी थांबवले, याचा शोध घेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी २०२५ मध्ये चौकशी आयोग नेमला तो या कुटुंबांनी सरकारलाच न्यायालयात खेचल्यावर. बिकोंच्या मृत्यूची चौकशीही त्याच वर्षी पुन्हा उघडली गेली. ज्यांनी कधी अर्जही केला नाही त्यांना प्रत्यक्षात माफी मिळून गेली आहे, आणि ती कोणी दिली हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. कुटुंबांना आता ते नाव हवे आहे.